ऋणायनी बहुवारिकीकरण : सोडियमच्या तुकड्यापासून ‘जिवंत’ साखळीपर्यंत

लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन शेकडो-हजारो कड्यांची साखळी तयार होते, त्या क्रियेला बहुवारिकीकरण म्हणतात. साखळीच्या वाढत्या टोकावर ऋणभार असेल, तर ती क्रिया ऋणायनी. जोडल्या जाणाऱ्या लहान रेणूला एकवारिक असे नाव आहे आणि त्यात बहुधा कार्बन-कार्बन द्विबंध असतो. ऋणभारित आरंभक आपली इलेक्ट्रॉनांची जोडी द्विबंधातल्या एका कार्बनाला देतो, द्विबंध उघडतो आणि भार दुसऱ्या कार्बनावर सरकतो. तो कार्बन पुढच्या रेणूशी तेच करतो. भार दर वेळी एक घर पुढे जातो, मागे साखळी राहते. क्रिया एवढीच. पण प्रयोगशाळेत १९१० मध्ये आणि कारखान्यात १९३२ मध्ये येऊनही तिचा नीट उलगडा व्हायला १९५६ साल उजाडावे लागले. या विलंबाला सिद्धांताच्या उणिवेपेक्षा भांड्यांतला ओलावा अधिक जबाबदार होता.

१९१० च्या सुमारास मोटारींच्या टायरांमुळे नैसर्गिक रबराचे भाव गगनाला भिडले होते आणि कृत्रिम रबराच्या मागे इंग्लंड व जर्मनी दोन्ही लागले होते. इंग्लंडमध्ये एफ. ई. मॅथ्यूज यांनी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आयसोप्रीन हा पातळ द्रव सोडियमच्या सान्निध्यात बंद नळीत ठेवून दिला. काही आठवड्यांनी पाहावे तो द्रव घट्ट झालेला आणि त्यात रबर. मॅथ्यूज आणि ई. एच. स्ट्रेंज यांनी लगेच पेटंटसाठी अर्ज केला. जर्मनीत कार्ल हॅरीस स्वतंत्रपणे त्याच शोधापर्यंत पोहोचले आणि १९११ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. गंमत अशी की, सोडियमने रबर करून दाखवणाऱ्या हॅरीस यांची स्वतःची समजूत रबर ही साखळी असते अशी नव्हतीच. आठ कार्बनांच्या लहान कड्या कुठल्याशा दुय्यम आकर्षणाने एकत्र गोळा होतात आणि त्या गोळ्याला आपण रबर म्हणतो, असे त्यांचे मत होते. रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ म्हणजे खरोखरच लांबलचक रेणू, हे हेरमान श्टाउडिंगर यांनी मांडले ते १९२० मध्ये आणि सर्वांच्या गळी उतरायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. साखळीच मान्य नसेल, तर ती कशी सुरू होते हा प्रश्न पडणार कुठून?

प्रश्न न पडताही कारखाना चालू शकतो. सोव्हिएत सरकारने १९२६ मध्ये कृत्रिम रबराची स्पर्धा जाहीर केली. पद्धतीचे वर्णन आणि २ किलो रबराचा नमुना १ जानेवारी १९२८ पर्यंत पोहोचवायचा होता. लेनिनग्राडचे सर्गेई लेबेदेव यांनी १९२७ च्या डिसेंबरअखेर नमुना मॉस्कोला रवाना केला. त्यांची रीत साध्या मालावर उभी होती. मद्यार्काची वाफ तापलेल्या उत्प्रेरकावरून नेऊन ब्यूटाडाईन वायू मिळवायचा आणि सोडियमने त्याचे रबर करायचे. यारोस्लाव्हलच्या कारखान्यात ७ जुलै १९३२ रोजी पहिले रबर निघाले, मागोमाग वोरोनेश आणि येफ्रेमोव्हचे कारखाने सुरू झाले. मद्यार्क येई धान्य-बटाट्यांतून, म्हणजे देशाचे टायर काही अंशी शेतातच उगवत होते. लेबेदेव १९३४ मध्ये टायफसने वारले.

जर्मनीत याच मार्गाने गेलेल्या रबराचे नाव ‘बुना’ पडले. ब्यूटाडाईनचे ‘बु’ आणि नात्रियमचे, म्हणजे जर्मन भाषेतल्या सोडियमचे, ‘ना’. पुढे दुसऱ्या महायुद्धात प्रचंड प्रमाणावर निघालेल्या ‘बुना-एस’मध्ये मात्र सोडियम औषधालाही नव्हते. ते पाण्यातल्या इमल्शनमध्ये, मूलकांच्या, म्हणजे एकट्या, जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या कणांच्या मार्गाने बनत असे. धातू गेला, नावात राहिला.

क्रिया समजून घेण्याची खरी सुरुवात रबराच्या कारखान्याबाहेर झाली. विल्हेल्म श्लेंक यांनी १९१४ च्या आसपास सोडियम आणि असंतृप्त हायड्रोकार्बने यांच्यातल्या क्रिया तपासल्या, तर १९१७ मध्ये योहाना होल्ट्झ यांच्यासह पहिली सेंद्रिय लिथियम संयुगे तयार केली. ही संयुगे हवेत पेट घेतात, पाण्याने क्षणात नष्ट होतात. म्हणून त्यांना हाताळण्यासाठी निर्वात आणि निष्क्रिय वायू यांची आलटून-पालटून सोय असलेली काचेची भांडी श्लेंक यांनी घडवली. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात. संयुगांइतकेच, किंबहुना जास्तच, त्यांचे हे भांडे या इतिहासाला उपयोगी पडले.

कार्ल झीग्लर यांनी पुढचे पाऊल टाकले. १९२७ मध्ये एका पोटॅशियम संयुगाच्या लाल द्रावणात त्यांनी स्टिल्बीन घातले, तेव्हा रंग एकदम पिवळा झाला. धातू-कार्बन बंध दुसऱ्या रेणूच्या द्विबंधात शिरला होता. हेच ब्यूटाडाईनवर केले तर बेरीज पुन्हा पुन्हा होते आणि दर बेरजेनंतर टोकाला धातू-कार्बन बंध तसाच शिल्लक राहतो, हे त्यांच्या गटाने पुढल्या काही वर्षांत दाखवले. १९३० मध्ये लिथियम धातू आणि अल्किल हॅलाइड यांच्यापासून ब्यूटिल लिथियमसारखी संयुगे थेट करण्याची सोपी वाट त्यांनीच शोधली. झीग्लर यांना १९६३ चे नोबेल मिळाले ते वेगळ्याच उत्प्रेरकांसाठी, त्यामुळे त्यांचे हे आधीचे काम बरेच झाकले गेले. 

धातूच्या तुकड्यांनी चालवलेली क्रिया मोजायला अवघड असते. सोडियमच्या पृष्ठभागावर काही साखळ्या आज सुरू होतात, काही उद्या. काही मध्येच ओलाव्याने मरतात. हाती येणाऱ्या मालात आखूड-लांब सगळे एकत्र. अशा गोंधळातूनही मॉस्कोचे आब्किन आणि मेदवेदेव यांनी १९३६ मध्ये सोडियम-ब्यूटाडाईन क्रियेतली वाढती टोके दीर्घकाळ टिकतात, असा निष्कर्ष काढला होता. कागदावरचे गणित तर त्याहून पुढे होते. पॉल फ्लोरी यांनी १९४० मध्ये एथिलीन ऑक्साइडच्या बहुवारिकासंदर्भात दाखवले की, सगळ्या साखळ्या एकदम सुरू झाल्या, सारख्या वेगाने वाढल्या आणि एकही मेली नाही, तर त्यांच्या लांबीतला फरक अगदीच थोडा राहील. सरासरी हजार कड्या असतील, तर बहुतेक साखळ्या हजारापासून तीस-बत्तीस कड्यांच्या आतबाहेर. १९४८ मध्ये बीमन यांनी द्रव अमोनियात मेथाक्रिलोनायट्राइलची साखळी ऋणायनाच्या मार्गाने वाढते हे सिद्ध केले. १९५२ मध्ये हिगिन्सन आणि वुडिंग यांनी द्रव अमोनियातच पोटॅशियम अमाइडने स्टायरिन या एकवारिकाची क्रिया सुरू करून तिचे वेग मोजले. आरंभ कसा होतो, हे इथे स्वच्छ झाले. पण अमोनिया हा माध्यम म्हणून दगाबाज. तो वाढत्या टोकाला आपला हायड्रोजन देऊन टाकतो, साखळी तिथेच संपते आणि मागे उरलेला अमाइड नवी साखळी सुरू करतो. त्यामुळे मृत्यू हा या क्रियेचा स्वभावच आहे, असे वाटत राहिले.

ही समजूत ज्यांनी मोडली त्या मायकेल श्वार्त्स यांचा जन्म १९०९ चा, पोलंडमधल्या बेंजिन गावचा. वॉर्सात रसायन अभियंता, मग जेरुसलेम, मग मँचेस्टरला मायकेल पोलान्यी यांच्या हाताखाली, आणि १९५२ पासून अमेरिकेत सिरॅक्यूजच्या वनशास्त्र महाविद्यालयात. त्यांचा मूळ विषय रासायनिक बंधांची ताकद आणि मूलकांच्या क्रिया. बहुवारिकांकडे ते वळले एका गप्पांतून. सॅम्युएल वाइसमन हे सेंट लुईसचे रसायनज्ञ नॅप्थॅलीनच्या रेणूंमध्ये एक जादा इलेक्ट्रॉन इकडून तिकडे किती वेगाने उडी मारतो, याचा अभ्यास करत होते. हे नॅप्थॅलीन म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्यांतलेच. श्वार्त्स यांनी विचारले, हा इलेक्ट्रॉन स्टायरिनला देता येईल का? वाइसमन म्हणाले, त्यात काही अर्थ नाही, त्याचे बहुवारिक होऊन बसते. वाइसमन यांच्या दृष्टीने तो प्रयोगाचा विचका होता. श्वार्त्स यांना नेमके तेच हवे होते.

मोशे लेव्ही आणि राल्फ मिल्कोविच यांच्यासह त्यांनी केलेला प्रयोग डोळ्यांनी पाहण्यासारखा आहे. टेट्राहायड्रोफ्युरान या विद्रावकात सोडियम आणि नॅप्थॅलीन एकत्र केले की, गर्द हिरवे द्रावण मिळते. त्यात स्टायरिन पडताच हिरवा रंग जाऊन चेरीसारखा लाल येतो. इलेक्ट्रॉन नॅप्थॅलीनकडून स्टायरिनकडे गेला, त्याची ही खूण. एक इलेक्ट्रॉन जादा मिळालेले स्टायरिनचे दोन रेणू लगेच एकमेकांना जोडले जातात आणि दोन्ही टोकांना ऋणभार असलेला जोडरेणू तयार होतो. मग साखळी दोन्ही बाजूंनी वाढते. काही सेकंदांत स्टायरिन संपते. इथवर नवल नाही. नवल यात की, स्टायरिन संपले तरी लाल रंग जात नाही. मूलकांच्या क्रियेत दोन वाढती टोके भेटली की एकमेकांना संपवतात. इथे दोन्ही टोके ऋणभारित, ती एकमेकांपासून दूर राहतात. आणखी स्टायरिन घातले की साखळ्या जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे वाढू लागतात. द्रावणातले बहुवारिकाचे शेकडा प्रमाण तेवढेच राहील इतका विद्रावकही सोबत घातला, तरी द्रावण आधीपेक्षा कितीतरी दाट झाले. म्हणजे नव्या साखळ्या निघाल्या नव्हत्या, जुन्याच लांबल्या होत्या. मग स्टायरिनऐवजी आयसोप्रीन घातले, तर त्याच साखळीला पुढे आयसोप्रीनचा पट्टा जोडला गेला. पाण्याचा थेंब पडताच लाल रंग जातो आणि खेळ संपतो.

१९५६ मध्ये हे काम अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आणि ‘नेचर’मध्ये आले. ‘नेचर’मधल्या लेखाच्या मथळ्यात श्वार्त्स यांनी या साखळ्यांना ‘जिवंत’ म्हटले आणि तो शब्द अवतरणचिन्हांत ठेवला. अवतरणचिन्हे नंतर गळून पडली, शब्द राहिला. बाहेरून घाव घालेपर्यंत न मरणारे टोक, एवढाच त्याचा अर्थ. तो घाव कसला असावा, हेही हातात असते. कार्बन डायऑक्साइड सोडला तर टोकाला आम्लगट बसतो, एथिलीन ऑक्साइड घातले तर हायड्रॉक्सिल.

साखळीची लांबी आता त्रैराशिकाचा विषय झाली. १०४ ग्रॅम स्टायरिन म्हणजे १ मोल. त्यात ब्यूटिल लिथियमच्या मोलचा हजारावा भाग, म्हणजे फक्त ६४ मिलिग्रॅम घातले, तर प्रत्येक साखळीच्या वाट्याला हजार कड्या येतात आणि रेणुभार एक लाख चार हजार होतो. सोडियम-नॅप्थॅलीनने सुरुवात केली तर साखळी दोन्ही बाजूंनी वाढते, म्हणून लांबी दुप्पट. याच हिशेबात १९५६ पर्यंतच्या विलंबाचे उत्तर आहे. त्या ६४ मिलिग्रॅम आरंभकाला मारायला १८ मिलिग्रॅम पाणी पुरते. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा, म्हणजे अख्खा घाणा नासवायला थेंबाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा बास. एवढे पाणी तर काचेच्या आतल्या बाजूला दिसणार नाही असे चिकटून बसलेले असते. म्हणून या क्षेत्रातली माणसे आधी काचकाम शिकतात. भांडी निर्वातात तापवायची, विद्रावक सोडियमवर वाळवायचा, बुचे-नळ टाळून सगळे काचेने काचेला जोडायचे आणि आतला पडदा फोडूनच एका भांड्यातले दुसऱ्यात घ्यायचे. साखळ्या आपोआप मरतात असे ज्यांना वाटले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या साखळ्या खरे तर न वाळलेल्या भांड्यांनी मारल्या होत्या.

पुढच्या दशकात वाढीच्या वेगाचे कोडे सुटले. टोकावरचा ऋणभार एकटा नसतो, सोडियमसारखा धनभारित सोबती त्याला चिकटून असतो. काही थोडी टोके मात्र सोबत्यापासून सुटी होतात. श्वार्त्स यांचा गट आणि जर्मनीतल्या माइन्झचा गुंटर शुल्त्स यांचा गट यांनी हे दोन वेग वेगळे केले. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये २५ अंश सेल्सियसला जोडीतल्या टोकाचा वेगांक ८० च्या घरात, तर सुट्या टोकाचा ६५ हजारांच्या घरात. नेहमीच्या विरल द्रावणात शंभरात एखादेच टोक सुटे असते, तरी साखळीची सुमारे नव्वद टक्के वाढ तेवढी टोकेच करून टाकतात. टोके वारंवार सुटी-जोडीत होत राहतात, म्हणून कुठलीही एक साखळी फार पुढे पळत नाही आणि लांबी सारखी राहते.

हेक्झेन, बेंझिनसारख्या विद्रावकांत चित्र उलटे. तिथे सुटी टोके जवळपास नसतातच, उलट लिथियमवाली टोके घोळके करून बसतात. ब्यूटिल लिथियम सहा-सहाच्या घोळक्यात असते, स्टायरिनची वाढती साखळी दोन-दोनच्या. ओटावाचे वर्सफोल्ड आणि बायवॉटर यांनी १९६० मध्ये बेंझिनमधली क्रिया मोजली, तेव्हा आरंभाचा वेग आरंभकाच्या संहतीच्या सहाव्या मुळाच्या प्रमाणात आणि वाढीचा वेग वर्गमुळाच्या प्रमाणात आढळला. घोळक्यातून एकटा सुटलेला रेणूच काम करतो, असा त्याचा सरळ अर्थ लावण्यात आला. वाढीच्या बाबतीत तो बराचसा टिकला, आरंभाच्या बाबतीत मात्र वाद पुढे दीर्घकाळ चालला.

उद्योगाला रस होता तो लिथियमच्या दुसऱ्या गुणात. सोडियमने केलेल्या आयसोप्रीन रबरात कड्या वेड्यावाकड्या जोडल्या जातात. फायरस्टोन कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यास लिथियम वापरून पाहिले, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक कड्या झाडाच्या चिकासारख्याच बसल्या. कंपनीने त्याला ‘कोरल’ रबर म्हटले. मात्र यासाठी विद्रावक हायड्रोकार्बनच हवा. ईथर-वर्गातले थोडे जरी मिसळले तरी ही शिस्त बिघडते. श्वार्त्स यांचे लाडके टेट्राहायड्रोफ्युरान त्यामुळे रबराच्या कामातून बाद झाले.

याच सुमारास मिल्कोविच शेल कंपनीत गेले. तिथे जेफ्री होल्डन यांच्यासह त्यांनी सिरॅक्यूजची युक्ती रबराला लावली. आधी स्टायरिन, ते संपले की ब्यूटाडाईन, पुन्हा स्टायरिन. साखळीची दोन टोके कडक आणि मधला लांब भाग लवचीक. कडक टोके एकत्र येऊन सूक्ष्म गाठी बांधतात आणि लवचीक भागाला धरून ठेवतात. १०० अंशांच्या वर तापवले की गाठी सुटतात आणि माल साच्यात ओतता येतो; गार झाला की पुन्हा रबर. गंधक घालून भाजण्याची गरज नाही, भंगार वितळवून पुन्हा वापरता येते. शेलने १९६५ मध्ये तो ‘क्रेटॉन’ नावाने बाजारात आणला. बुटांचे तळ, चिकटपट्ट्यांचे गोंद, रस्त्याच्या डांबराला मजबुती देणारी भर अशा कामांत त्याची मागणी आजही टिकून आहे. एका शैक्षणिक प्रयोगापासून नऊ वर्षांत बाजार, हा वेग रसायनशास्त्रात क्वचित दिसतो.

अॅक्रिलिक गटातली एकवारिके अधिक हट्टी निघाली. मिथाइल मेथाक्रिलेटच्या रेणूत द्विबंधाखेरीज एस्टरचा गटही असतो आणि ऋणायन त्याच्यावरही झडप घालते. त्यामुळे साखळी स्वतःशीच कडी करून मरते. उपाय म्हणून उणे ७८ अंशांपर्यंत थंडावा आणि धिप्पाड, सुस्त आरंभक वापरले गेले. १९८७ मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या फिलिप तेसिए यांच्या गटाने साधे लिथियम क्लोराइड घालून टोकांना शिस्त लावली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. शिवराम यांच्या गटाने १९९० च्या दशकात लिथियम परक्लोरेटने हाच परिणाम साधला. या विषयाच्या साहित्यात पुण्याचे नाव येते ते या कामामुळे.

रेणुभार मोजण्याच्या यंत्रांना मापे लागतात, तीही या क्रियेने पुरवली. सारख्या लांबीचे पॉलिस्टायरिन जिवंत साखळ्यांखेरीज इतक्या चोखपणे मिळत नसे, म्हणून प्रयोगशाळांतली प्रमाण पॉलिस्टायरिने आजही बहुतांशी याच रीतीने करतात.

या क्रियेचे एक रूप मात्र निर्वात आणि कोरडी भांडी यांच्या अगदी विरुद्ध टोकाला आहे. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना त्यांना सायनोअॅक्रिलेट सापडले आणि जिथे-तिथे चिकटते म्हणून त्यांनी ते टाकून दिले. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी तेच रसायन तपासायला रिफ्रॅक्टोमीटरच्या दोन प्रिझममध्ये घातले, तर प्रिझम कायमचे जुळले. महागडे उपकरण गेले, पण १९५८ मध्ये ‘ईस्टमन ९१०’ हा गोंद बाजारात आला. सायनोअॅक्रिलेटच्या द्विबंधावर ऋणभार ओढून घेणारे दोन गट असतात. स्टायरिनला सुरू करायला ब्यूटिल लिथियम लागते, याला पाणीही पुरते. मुंबईच्या पिडिलाइटचे फेविक्विक याच जातीचे. ट्यूबमध्ये आम्लाचा अंश घालून साखळी रोखून धरलेली असते. पृष्ठभागावरचा ओलावा मिळताच ती धावत सुटते. कारागीर फट भरताना वरून खायचा सोडा भुरभुरतात तोही याचसाठी, कारण सोडा अल्कधर्मी असल्याने सुरुवात आणखी झटपट होते. त्या वेळी निघणाऱ्या जादा उष्णतेचा चटका बोटाला बसतो, तेवढे सांभाळावे. आणि कोकणातल्या पावसाळ्यात ट्यूबचे टोपण वापर झाल्याबरोबर घट्ट लावावे, नाहीतर हवेतल्या पाण्यानेच उरलेला गोंद दगड होऊन बसतो.